अंबूबाईंनी बुजवलेला पेला

मित्रांनो, लांबून पाहाल तर मी एक साधा, जुना पितळी पेला आहे. काठाला एक पोचा आणि खाली बांगडीएवढी बैठक, एवढंच माझं रूप. पण जवळ येऊन आत डोकावलात तर माझ्या पोटात मधोमध एक वसुदेव उभा दिसेल. त्याच्या डोक्यावर टोपली आहे, टोपलीत बाळकृष्ण आहे, आणि बाळकृष्णाचा एक पाय टोपलीबाहेर लोंबून वसुदेवाच्या खांद्यापर्यंत आलेला आहे. तो पाय नीट पाहून ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते त्या पायापाशीच घडलं.

माझ्यात पाणी ओतत गेलं की ते आधी वसुदेवाच्या गुडघ्याला लागतं, मग कमरेला, मग छातीला. ओतणारा श्वास रोखून बघतो. आणि पाणी कृष्णाच्या अंगठ्याला टेकलं रे टेकलं, की यमुना ओसरली म्हणतात तसं सगळं पाणी माझ्या बुडातून खाली निघून जातं. शेवटचा घोट जाताना 'गटगट' असा आवाज येतो. बघणारे हसतात, टाळ्या पिटतात, पुन्हा ओतायला लावतात. असं मी करत असे. 'करत असे' हे म्हणताना मला अजून जड जातं.

मला साताऱ्यात हरिबा तांबटांनी घडवलं. त्यांनी वसुदेव मेणाचा केला, त्यावर माती थापली, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत पितळ ओतलं. वसुदेवाच्या पोटात एक बारीक वाकडी नळी बसवली. तिचं एक तोंड वसुदेवाच्या टाचेमागे, माझ्या आतच. तिथून ती वर खांद्यापर्यंत चढते, वळते, आणि दुसऱ्या पायातून उतरून माझ्या बुडाच्या भोकाशी संपते. हे भोक ज्वारीच्या दाण्याएवढं आहे. हरिबांनी पाणी ओतून मला पहिल्यांदा रिकामं होताना पाहिलं आणि ते नुसते "हां" म्हणाले. तेवढ्या शाबासकीवर मी फुगलो होतो.

हरिबांच्या दुकानात मात्र माझा अपमानच जास्त झाला. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटं करायचं, भोक बघायचं आणि म्हणायचं, "ह्यो तर गळका हाय." मला गळका म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. गळणारं भांडं वेगळं आणि ठरल्या वेळी रिकामं होणारं वेगळं. पण घाईत असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

सन एकेचाळीसच्या पौषात हरिबा मला औंधच्या यमाईच्या जत्रेत घेऊन गेले. तिथे खाकी कोट घातलेला एक उंच गडी माझ्यासमोर बसला आणि उठेचना. त्याचं नाव नाथाजी. तो पलटणीत मोटारलॉरी चालवायचा आणि महिन्याच्या रजेवर गावी आला होता. त्याने मला पाच वेळा भरलं, पाच वेळा रिकामं होऊ दिलं. शेजारी उभी असलेली त्याची बायको बनुबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"आवं, घ्या की आता. हात भिजून गारठलं तुमचं," ती म्हणाली.

अशा रीतीने मी औंधापासून चार कोसांवरच्या त्यांच्या गावी गेलो. तो दुष्काळी पट्टा. एका विहिरीवर सारं गाव पाणी भरायचं, आणि तीही चैत्रात तळ दाखवायची. त्यामुळे नाथाजीची आई, अंबूबाई, मला पाहून आधी कपाळाला आठ्या घालूनच बसल्या. "पाणी सांडायचं भांडं इकत आणलंस व्हय रं?" त्यांनी विचारलं. मग नाथाजीने माझ्याखाली एक पातेलं ठेवलं आणि पाणी ओतलं. कृष्णाच्या पायाला पाणी लागलं, मी गटगट करून रिकामा झालो, पातेलं भरलं. अंबूबाईंनी दोन्ही हात जोडले. पातेल्यातलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं, आणि त्या दिवसापासून दर एकादशीच्या सकाळी मला भरायचं काम त्यांचं झालं.

त्या महिनाभरात घराच्या सोप्यात रोज दुपारी गर्दी व्हायची. नाथाजीला पाण्याचे खेळ करायची भारी हौस. तो फुलपात्र काठोकाठ भरायचा, त्यावर पोस्टकार्ड ठेवायचा, आणि हाताने दाबून फुलपात्र उलटं करायचा. मग कार्डावरचा हात काढायचा. कार्ड पडायचं नाही, पाणीही पडायचं नाही. शेजारच्या हरणाबाई "आगं बया" म्हणून मागे सरायच्या.

"ह्यात भूत न्हाई, हरणाकाकी," नाथाजी म्हणायचा. "आपल्या चहूबाजूनं हवा हाय. ती वरनं दाबती, तशी खालनं बी दाबती. ह्या एवढ्याशा पाण्याच्या वजनापरीस तिचा जोर लय जास्त."

दुसरा खेळ बटणाचा. त्याच्या कोटाचं एक पितळी बटण तुटलं होतं. ते तो खोलगट वाटीच्या तळाशी ठेवायचा आणि समोरच्याला हळूहळू मागे सरकायला सांगायचा. वाटीचा काठ आड येऊन बटण दिसेनासं झालं की म्हणायचा, "आता तितंच थांबा." मग वाटीला धक्का न लावता तो पाणी ओतायचा. वाटीही जागची हलायची नाही आणि माणूसही, तरी बटण वर आल्यासारखं पुन्हा दिसू लागायचं. बटण वर आलेलं नसायचं. पाण्यातून हवेत येताना उजेड वाकतो, आणि तो वाकडा उजेड काठावरून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. अंबूबाईंना हा खेळ इतका आवडला की त्या रोज स्वतःहून मागे सरकून उभ्या राहायच्या.

शेवटी माझी पाळी. नाथाजीने काही लपवलं नाही, हे मला फार आवडलं. त्याने वसुदेवाच्या टाचेमागचं छिद्र दाखवलं, बुडाचं भोक दाखवलं, बोटाने हवेत नळीचं वळण काढलं.

"लारीच्या टाकीतलं पेट्रोल आमी रबरी नळीनं असंच काढतो," तो म्हणाला. "पाणी नळीच्या वाकणावर चढलं की पलीकडच्या लांब बाजूनं खाली पडाय लागतंय. पडताना मागच्याला वडतंय. आन वरची हवा पेल्यातल्या पाण्याला दाबून नळीत ढकलती. पाणी टाचंखाली गेलं, नळीत वारं शिरलं, की खेळ सपला. ती गटगट त्या वाऱ्याची."

"म्हंजी ह्ये किस्नद्येव न्हाई करत?" अंबूबाईंचा चेहरा पडला.

"द्येव बी हाय आन नळी बी हाय, आये."

अंबूबाईंनी यातलं निम्मंच ऐकलं. कोणतं निम्मं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

रजा संपली. नाथाजी गेला, आणि थोड्याच दिवसांत बोटीने मलायाला गेल्याचं त्याचं कार्ड आलं. वर्षभरात तीन कार्डं आली. चौथं आलं नाही. बनुबाई ती तीन कार्डं कोनाड्यात माझ्याशेजारी ठेवायची. पुढे कधी पोरासोरांनी फुलपात्राचा खेळ मागितला तरी ती नाही म्हणायची, कारण घरात कार्डं तेवढीच होती आणि ती तिला भिजवायची नव्हती.

बेचाळीसच्या वैशाखातली एकादशी मी विसरणार नाही. सकाळी अंबूबाईंनी मला भरलं. मी नेहमीसारखा रिकामा झालो. दुपारी तारवाला आला. गावच्या मास्तरांनी तार वाचली. सिंगापूर पडलं तेव्हापासून शिपाई नाथाजी बेपत्ता आहे, एवढंच तीत होतं. अंबूबाईंनी तारवाल्याच्या कागदावर अंगठा उठवला. त्यांना लिहिता येत नव्हतं. मग त्या कोनाड्यापाशी आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"सकाळीच ह्येनं भरल्यालं पाणी गिळलं," त्या म्हणाल्या. "माजं भरलं घर ह्येनं रिकामं केलं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की अंबूबाई, ती नळी आहे हो, नुसती नळी. त्यांनी मला अंगणात भिरकावलं. काठाचा पोचा तेव्हाचाच. बनुबाई धावत गेली आणि मला पदरात घेऊन आली.

"आत्याबाई, त्यांनी आणल्यालं हाय ह्ये. टाकू नगा."

अंबूबाई तरातरा चुलीपाशी गेल्या. मग त्यांनी विळ्याची मूठ बसवायला आणलेली लाख काढली, चुलीवर तापवली, मला पालथं घातलं आणि बुडाच्या भोकावर ती ओतली.

"आत्याबाई, त्येचा गुणच त्यो हाय. पाणी जायालाच पायजे त्येच्यातनं."

"जायाचं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "आता ह्यातनं थेंब जायाचा न्हाई. पाणी किस्नाच्या पायाशी थांबलं म्हंजी द्येवाचं ध्यान ऱ्हाईल. माजा नाथा जितं आसंल तितं जित्ता ऱ्हाईल."

आणि लाख गार व्हायच्या आत त्यांनी आपला अंगठा पाण्यात बुडवून तिच्यावर दाबून धरला. चटका बसला असणार, पण त्यांनी हात काढला नाही.

तेव्हापासून मी भरलेलाच राहिलो. पाणी कृष्णाच्या पायाला लागे, पायाच्या वर जाई आणि तिथेच उभं राही. अंबूबाई रोज सकाळी जुनं पाणी तुळशीला घालत आणि ताजं भरत. विहीर आटली, दोन कोसांवरून घागर आणावी लागली, तेव्हाही त्या आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातून आधी मला भरत. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले. लहान मुलं येऊन बघत आणि म्हणत, "आता ह्येचं पाणी जात न्हाई. बिगाडला." मला काय वाटत असेल सांगा. जो एकच विद्या शिकला, त्याची तीच काढून घेतली. रात्रंदिवस मला एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, पाणी पायाला लागावं आणि ते माझ्यातून वाहून जावं.

अंबूबाईंवर मी रागावलो होतो, हे मी लपवत नाही. पण तो राग एका दुपारी निम्मा उतरला.

तार येऊन दीड-दोन वर्षं झाली होती. हरणाबाई आणि भावकीतल्या आणखी दोघी-तिघी सोप्यात येऊन बसल्या. आडवळणं घेत घेत त्या मुद्द्यावर आल्या. गेला माणूस काही परत येत नाही, बनुबाईच्या पायात अजून जोडवी, हातात बांगड्या, कपाळाला कुंकू, लोक बोलतात, आता रीतीनं काय ते उरकून घ्यावं. बनुबाई दाराआड उभी होती. तिने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरलेल्या मला दिसल्या.

अंबूबाई उठल्या. त्यांनी खोलगट वाटी आणली. कनवटीचं पितळी बटण काढून वाटीत ठेवलं. ते बटण त्यांनी एवढे दिवस कमरेला बाळगलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हरणे, उठ. माग सर. आनि माग. आता बटान दिसतंय?"

"न्हाई."

"मग वाटीत बटान हाय का न्हाई?"

"हाय की. आत्ताच ठिवलंसा की."

अंबूबाईंनी कोनाड्यातून मला उचललं आणि माझ्यातलं पाणी हळूहळू वाटीत ओतलं. हरणाबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यांना बटण दिसलं.

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई, आसं नसतंय," अंबूबाई म्हणाल्या. "माजा नाथा शिकवून गेलाय मला. माज्या सुनंच्या जोडव्याला हात लावायचा न्हाई कुनी."

बायका चहा न घेताच गेल्या. मित्रांनो, मुलाच्या खेळांपैकी माझा खेळ त्या माउलीला मुळीच कळला नव्हता आणि बटणाचा जेवढा कळला तेवढा गावात कुणालाच कळला नव्हता. त्या दिवशी बटण दाखवायचं पाणी माझ्यातलं होतं, याचा मला अजून अभिमान आहे.

चव्वेचाळीसच्या श्रावणात अंबूबाईंना ताप आला. तीन दिवसांत त्या गेल्या. जाताना बनुबाईला एवढंच म्हणाल्या, "पेला रिकामा पडू दिऊ नगं." बनुबाईला नळीचं सारं गुपित माहीत होतं. तापलेलं दाभण लावलं असतं तर लाख क्षणात सुटली असती. मी रोज सकाळी तिच्या हातांकडे आशेने बघायचो. तिने मला रोज घासलं, रोज भरलं, पण लाखेला हात लावला नाही.

युद्ध संपलं, पण पत्र आलं नाही. आणि शेचाळीसच्या पौषात, भर दुपारी, अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर पिशवी, गालफडं बसलेली, कोट अंगावर लोंबत होता. बनुबाई जोंधळं पाखडत होती. सूप तिच्या हातातून खाली गेलं. साडेतीन वर्षं जपानी छावणीत कैदेत काढून नाथाजी परत आला होता.

नाथाजीने पिशवी खाली ठेवली. मग बनुबाई आत धावली. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं एवढंच तिला सुचलं असावं. तांब्या रिकामा होता, म्हणून तिने मला भरलेलाच उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"आये कुटं हाय?" त्याने विचारलं.

बनुबाईने मान खाली घातली. नाथाजीची नजर माझ्यावर गेली. पाणी कृष्णाच्या पायाच्या वर चढून थांबलेलं होतं.

"ह्यो का थांबलाय?" तो म्हणाला. त्याने ते पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि मला उलटं केलं. माझ्या बुडाला काळपट तांबडी लाख होती, आणि लाखेवर एक अंगठा, रेषान् रेषा उठलेला.

बनुबाईने सगळं सांगितलं. तार, लाख, बटण, श्रावणातला ताप. नाथाजी उंबऱ्यावर बसून ऐकत होता आणि त्याचा स्वतःचा अंगठा त्या ठशावर फिरत होता. बरोबर बसला नाही. आईचा अंगठा लहान होता.

आठवडाभराने बनुबाईनेच चुलीत दाभण तापवलं. "उगडा की आता," ती म्हणाली. "त्यांनी तुमच्यासाटीच बुजवलं हुतं. तुमी आलासा. त्यांचं काम झालं."

मित्रांनो, मी सांगतो, त्या क्षणी माझं सारं पितळ जागं झालं. साडेतीन वर्षांहून जास्त काळ ज्याची वाट पाहिली ते एका वीतभर अंतरावर लाल होऊन चमकत होतं. नाथाजीने मला मांडीवर पालथं घेतलं. दाभण लाखेजवळ आणलं. त्याची धग मला लागली. कडेची लाख किंचित ओली झाली.

त्याने दाभण बाजूला ठेवलं.

"बनू, आयेला लिवाय येत न्हवतं. पलटणीत सगळ्यांस्नी घरची पत्रं यायची, मला तिचं कवा आलं न्हाई," तो म्हणाला. "ह्ये एवडंच तिनं माज्यासाटी लिवल्यालं हाय. त्ये कसं पुसू?"

आणि तो रडला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

याला आता तीन वर्षं झाली. मी त्याच कोनाड्यात आहे. नाथाजीची खेळांची हौस अजून गेलेली नाही. शाळेतली मुलं येतात तेव्हा तो सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेतो, ती पाण्याने भरून दोन्ही तोंडं बोटांनी दाबतो, एक तोंड उंचावरच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवतो, दुसरं खालच्या भांड्यात सोडतो, आणि बोटं काढतो. वरचं पाणी आपोआप काठ चढून खाली येतं. मुलं मला पाहून विचारतात, "मग ह्येचं पाणी का जात न्हाई?" तो मला उलटं करून अंगठा दाखवतो आणि सगळी गोष्ट सांगतो. मुलं मग कृष्णाच्या पायाकडे न बघता माझ्या बुडाकडेच बघत बसतात.

माझी इच्छा मेलेली नाही, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? पाणी पायाला लागलं की आजही माझ्या नळीत कळ उठते. पण आता कुणी दाभण घेऊन आलं तर मीच म्हणेन, नको.

तुम्ही मात्र एक करा. घरातल्या जुन्या भांड्याला भोक दिसलं तर बुजवण्याआधी ते कशासाठी आहे ते विचारा. आणि कुणी काही बुजवलेलं दिसलं तर ते उघडण्याआधी, ते कुणी आणि का बुजवलं, हेही विचारा. मला आठवड्यातून एकदा चिंच लावून घासा, पण तळाला हलक्या हाताने. आणि रबरी नळी लावून तुम्ही आपला खेळ कराल तेव्हा तो माझ्या कोनाड्याखाली करा. पाणी संपता संपता नळीत वारं शिरेल आणि गटगट वाजेल. तो आवाज ऐकून मला फार दिवस झाले.